आबांची फाइल

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. "आबांची फाइल उघडायला नेटवर एक फ्री ओपनर मिळालाय, टाकून बघतो," म्हणालास आणि मला राहवलं नाही. आबांची फाइल महिनाभर नाही उघडली तरी बिघडत नाही रे. पण कुठलं तरी सॉफ्टवेअर एकदा आत घेतलंस, की त्याच कॉम्प्युटरवर तुझं बँकेचं सगळं आहे.

पेनड्राइव्हवरचं फोल्डर आधी कॉम्प्युटरवर कॉपी कर. खटपट कॉपीवरच कर. मग फाइलचं आडनाव बघ, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं. विंडोज ते मुळातच लपवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, त्यात शो, त्यात 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर टिक कर. नुसतं 'बिल.पीडीएफ' दिसतं, त्याच्या मागे 'डॉट ईएक्सई' दडलेलं असू शकतं. आयकॉनवर तर मुळीच जाऊ नकोस, पीडीएफचा आयकॉन कशालाही लावता येतो. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस ही प्रोग्रॅमची आडनावं, ती दिसली की डबल क्लिक नाही. ओळखीच्या माणसाने पाठवलेली असली तरी नाही.

नाव बदलून 'डॉक' केलंस, त्याने काही होत नाही. तिखटाच्या डब्यावर साखर लिहिल्यासारखं ते. आत काय आहे ते बघायचं तर नोटपॅड उघड, फाइल-ओपनमध्ये 'ऑल फाइल्स' निवड आणि ती फाइल घे. गिचमीड दिसेल, तू फक्त पहिली रोमन अक्षरं वाच. टक्क्याच्या खुणेनंतर लगेच पीडीएफ असेल तर ती पीडीएफ. पीके म्हणजे झिप, हल्लीच्या वर्डच्या फायलीही आतून झिपच असतात. एमझेड म्हणजे प्रोग्रॅम, नाव काहीही असो. मग सेव्ह न करता बंद कर, नाहीतर ती कॉपी कायमची बिघडेल.

पुन्हा शिकवणी सुरू झाली माझी. माफ कर. एवढं घर एकट्याने लावलंस, हे मी सगळ्यांना सांगत असते, तुलाच सांगायचं राहतं.

आबांची फाइल 'पीएमडी' आहे, म्हणजे पेजमेकर ७, छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर त्यांच्याच साइटवरून घे, 'ओपनर' म्हणून मिळतं ते नको. त्यातल्या 'ड्रॉ' नावाच्या प्रोग्रॅममध्ये आबांची फाइल उघडेल, मांडणी थोडी हलेल. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर घाबरू नकोस, मजकूर शाबूत आहे. तो श्री-लिपीत टाइप केलेला आहे, आणि त्या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली असतात. तोच फॉन्ट टाकला की वाचता येईल. फॉन्ट माझ्याकडे आहे, आजच मेल करते. त्याचं आडनाव 'टीटीएफ' आहे ना, तेवढं बघूनच उघड. माझा मेल असला तरी.

उघडली की पीडीएफ करून ठेव. आबा प्रत्येक प्रूफ दोनदा वाचायचे, हिरव्या शाईने. चौथ्या पानावर 'पाऊस'चा ऊ ऱ्हस्व राहिला होता, त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवलं. तेवढा दुरुस्त करशील?

तुझी,
आई