स्विच लोकलमध्ये नव्हे, घरात विकावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीवरही आणि हातात धरूनही खेळता येणारा हायब्रिड गेमिंग कन्सोल मुंबईकराच्या गळी उतरवायचा म्हटला, की लोकलचा प्रवास हमखास पुढे केला जातो. निन्टेंडोचा २०१७चा स्विच जॉय-कॉनसह (दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर) सुमारे २४ सेंटिमीटर रुंद, ३९८ ग्रॅम वजनाचा आणि दोन्ही हात अडकवणारा. सकाळच्या सीएसएमटी लोकलमध्ये एक हात कडीलाच असतो. तिथे फोनच जिंकणार, शिवाय त्यावरचे बरेचसे गेम फुकट.

याचे खरे गिऱ्हाईक वन रूम किचनमध्ये आहे. टीव्ही एकच, तोही रात्री आठनंतर मालिकांचा नाहीतर क्रिकेटचा. टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून स्विच उचलला, की खेळ जिथे होता तिथूनच ६.२ इंची पडद्यावर पुढे चालू. ही सोय निन्टेंडोच्याच २०१२च्या वी यू कन्सोलमध्येही होती, असे कुणी म्हणेल. होती, पण निम्मे यंत्र टीव्हीखालीच राहायचे, शेजारच्या घरी त्याचा पडदा असलेला गेमपॅड नेला की खेळ बंद. त्यात नावामुळे तो आधीच्या वी कन्सोलचाच जोडभाग वाटे. त्याची विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास अडकली, स्विच १५ कोटींच्या पुढे गेला.

घोटाळा होतो तो स्विच लाइट ही फक्त हातात खेळायची आवृत्ती घेताना. २०१९मध्ये तो मूळ स्विचपेक्षा १०० डॉलरने स्वस्त आला, म्हणून दोन भावंडांच्या घरातही तोच घेतला जातो. पण त्याचे कंट्रोलर सुटत नाहीत, मागे स्टँड नाही आणि टीव्हीला तो जोडताच येत नाही. भांडण ठरलेलेच! कंट्रोलरवरची दिशा देणारी स्टिक न हलवताच सरकल्यासारखी वागू लागली, तर लाइटमध्ये अख्खे यंत्र उघडावे लागते. स्विचचा जॉय-कॉन तेवढा बदलता येतो. लाइट हे घरातले दुसरे यंत्र म्हणूनच विकावे.

जुना स्विच घेताना मॉडेल क्रमांक पाहावा. ‘एचएसी-००१’पुढे कंसात ‘-०१’ असेल तर बॅटरी साडेचार ते नऊ तास, नसेल तर अडीच ते साडेसहा.

स्विच इथे अधिकृतपणे आणलेलाच नसल्याने वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. पण त्याच्या काट्रिजना (गेम असलेल्या छोट्या कार्डांना) देशाचे बंधन नाही. दुबईहून आणलेली काट्रिज इथे चालते, खेळून झाल्यावर विकताही येते. डाउनलोड केलेला गेम मात्र विकता येत नाही. जुन्या पुस्तकांचीही किंमत वसूल करणाऱ्या या शहरात विक्रेते हे का सांगत नाहीत, कळत नाही.

२०१६च्या पहिल्या जाहिरातीत विमानप्रवास आणि गच्चीवरची पार्टी होती. मुंबईसाठी मालिका पाहणारी आजी आणि तिच्या पायाशी चटईवर एकेक जॉय-कॉन घेऊन बसलेली दोन नातवंडे दाखवावीत.

— एक वाचक, मुलुंड