आधी मूळ पाहा

वरुड, जि. अमरावती
४ मार्च

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आर्वीकडच्या एक एकरात संत्रा लावायचं तू नक्की केलंस आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही फळझाडं घ्यायचं म्हणतोस, हे वाचून फार बरं वाटलं. थंड मुलखात उघड्या मुळांची झाडं वसंतात लावतात, मग आपणही याच महिन्यात कलमा लावून टाकायच्या का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आधी देतो : नको. आपल्याकडे मार्च हा कलमा निवडायचा महिना आहे, लावायचा नाही.

तिकडची सफरचंद, नासपती, आलुबुखार ही झाडं हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातात. अंगावर पान नसलं की पाणी उडून जायला वाट नसते. अशा वेळी झाड उपटून माती झटकली आणि मुळं ओल्या भुशात बांधली, तरी त्याला काही होत नाही. जमीन मोकळी झाली की लावायचं. मुळं आधी धरतात, पानं मागून येतात. आपला संत्रा सदाहरित आहे. तो कधीच पुरता झोपत नाही. उपटल्या क्षणापासून पानं पाणी मागतात आणि तुटलेली मुळं ते देऊ शकत नाहीत. त्यात आपला वसंत म्हणजे होळीनंतर रोज चढत जाणारं ऊन. मार्चमध्ये लावलेली उघड्या मुळाची कलम एप्रिल कसाबसा काढेल, मे काढणार नाही. आपल्या लावणीचे दिवस म्हणजे झडीचे दिवस : पुष्य आणि आश्लेषा, म्हणजे जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य. मृगाच्या पहिल्या पावसाला भुलायचं नाही. त्यामागून उघाड पडली तर नवी मुळं फुटायच्या आतच माती तापते.

मग आत्ताच पन्हेरीत, म्हणजे कलमांच्या रोपवाटिकेत, का जायचं? आपल्याकडे खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या दुसऱ्या जातीच्या रोपावर, संत्र्याचे डोळे बांधतात ते थंडीत. मार्चमध्ये तो डोळा फुटून वीतभर वाढलेला असतो. डोळा किती उंचीवर बांधला, खुंट किती जाड, वाफ्यात पाणी साचतं का, हे सगळं आत्ता उघड दिसतं. जुलैमध्ये जुड्या बांधून रस्त्याकडेला ठेवलेल्या कलमांत यातलं काही कळत नाही. तिथे नजर फक्त हिरव्यागार शेंड्याकडे जाते. शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्या फिरून एक वाफा पसंत कर, इसार दे आणि त्याच वाफ्यातल्या कलमा ठरवून घे.

वाफ्याशी उभा राहिलास की खाली वाक. जमिनीपासून डोळ्याच्या जोडापर्यंतचं अंतर मोज. ते कमीत कमी २५ सें.मी., म्हणजे वीतभराहून जास्त हवं. चार-पाच बोटांवर बांधलेला डोळा बांधायला सोपा असतो, पण पुढे आळ्यातली ओली माती जोडाला लागते. खुंट डिंक्या रोगाला जरा तरी तोंड देतो, वरचा संत्रा देत नाही. खोडातून डिंक गळणाऱ्या कितीतरी बागांचं मूळ दुखणं हेच चार बोटांचं अंतर असतं. जोडाजवळ खोडाला हलकासा बाक आणि कापलेल्या खुंटाचा वण दिसला पाहिजे. ज्या रोपाला बाकही नाही आणि वणही नाही, ते बिनबांधलेलं खुंटाचंच रोप असू शकतं. जोडाजागी गाठ सुजलेली असेल किंवा प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतलेली असेल, तर ती कलम बाजूला कर. उचलताना खोड जोडाजवळ पेन्सिलीएवढं जाड, एकच सरळ आणि एकूण दोन-अडीच फूट उंच असावं. चार फुटी, कोवळ्या, लुसलुशीत कलमा घेऊ नकोस. युरिया आणि पाण्यावर वाढवलेल्या अशा कलमा वावरात आल्या की माना टाकतात.

खुंट कोणता, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. जंबेरीवर झाड जोमानं वाढतं, पण मूळकूज आणि डिंक्याला ते लवकर बळी पडतं. रंगपूर लाईम पाण्याचा ताण आणि जरा क्षार असलेली जमीन जास्त सोसतो. तुझं वावर भारीकडे झुकणारं आहे, म्हणून मी रंगपूरच घ्यायला सांगेन. डोळे कोणत्या झाडाचे, हेही विचार. दहा-बारा वर्षांवरचं, दरवर्षी भरघोस फळणारं, निरोगी मातृवृक्ष पन्हेरीवाल्यानं दाखवलं पाहिजे. दाखवत नसेल तर पुढची पन्हेरी गाठ. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि काटोलचं फळ संशोधन केंद्र इथेही आत्ताच चौकशी करून ठेव. तिथल्या कलमांना मागणी फार असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पन्हेरीवाल्याला एका कलमेचे पैसे दे आणि ती तुझ्यासमोर फावड्यानं खणून काढायला सांग. हातानं ओढून नाही, ओढली की तंतुमुळं मातीतच राहतात. मुळं पाण्यात धू. सोटमूळ सरळ खाली गेलेलं हवं. ते इंग्रजी जे अक्षरासारखं वळलेलं असेल, तर रोप वाफ्यात लावतानाच मूळ मुडपलं होतं, आणि ते झाड वाऱ्यात कधीच नीट उभं राहणार नाही. बाजूनं बारीक, पिवळसर पांढरी तंतुमुळं भरपूर हवीत. एक तंतुमूळ चिमटीत धरून हलकेच ओढ. वरची साल मोजा निघावा तशी सुटून आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ती मूळकूज समज. फायटोफ्थोरा बुरशी त्या वाफ्यात आहे. मग नुसती ती कलम नाही, सगळा वाफा सोड, कारण ती बुरशी मातीसकट तुझ्या वावरात येईल आणि परत जाणार नाही. धुतल्यावरही बारीक मुळांवर माती चिकटूनच राहिली, मुळं मळकट आणि आखूड दिसली, तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक किड्यांचा, संशय घ्यावा. त्याच जागेवर वर्षानुवर्षं वाफे टाकणाऱ्या पन्हेरीत हे दोन्ही सापडतात. तेव्हा याआधी या जागेत काय होतं, हे विचारायला संकोच करू नकोस.

पानंही पाहून घे, पण मुळांनंतर. शिरांमधला पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर बहुधा जस्ताची कमतरता असते, ती फवारणीनं भरून निघते. पिवळे डाग दोन बाजूंना वेगवेगळे, वेडेवाकडे असतील तर ग्रीनिंग रोगाची शंका घेऊन ते झाड सोड. नागअळीच्या चकचकीत रेघा थोड्याफार सगळीकडेच असतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

पिशवीतली कलम बरी की उघड्या मुळाची, असंही तू विचारलंस. माती निर्जंतुक करून भरलेल्या पिशवीतली, सरळ मुळाची कलम मिळाली तर तीच घे, ती लावल्यावर वाढ थांबवून बसत नाही. पण पिशवीत काय दडलंय ते वरून दिसत नाही. जुन्या पिशवीत मुळं तळाशी वेटोळी घालून बसतात. उघड्या मुळाची कलम स्वस्त असते, बंडीत जास्त मावते आणि तिचं बरंवाईट डोळ्यांसमोर असतं. मात्र तिला उन्हाचा आणि वेळेचा पहारा लागतो. भल्या पहाटे किंवा ढगाळ दिवशी खणून घे, तिथेच निम्म्याहून जास्त पानं देठ ठेवून काप, मुळांना चिखलाचा लेप दे आणि ओल्या पोत्यात गुंडाळ. उघड्या गाडीत वारा लागू देऊ नकोस, वर ताडपत्री हवी. त्याच दिवशी लावणं सगळ्यांत चांगलं. राहिल्याच तर सावलीत चर काढून मुळं ओल्या मातीत गाडून ठेव आणि दुसऱ्या दिवशी लाव.

एकरी हिशेब असा. ६ × ६ मीटरवर ११२ झाडं बसतात. गादीवाफे काढून ६ × ३ मीटरवर लावलीस तर २२४. भारी जमिनीत गादीवाफाच हवा, पाणी मुळाशी थांबत नाही. नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा, भरायला दहा टक्के जास्त कलमा घे आणि त्या विहिरीजवळ एका वाफ्यात लावून ठेव, म्हणजे पुढे त्याच वयाचं, त्याच वाफ्यातलं झाड हाताशी राहील. त्याआधी, याच महिन्यात, वावराच्या दोन-तीन ठिकाणी तीन-चार फूट खोल खणून बघ. खाली कच्चा मुरूम लागला तर उत्तम. पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. चुनखडी दहा टक्क्यांच्या वर गेली की संत्र्याला लोह-जस्त लागू पडत नाही आणि पाच-सात वर्षांत बाग पिवळी पडते. असं निघालं तर संत्रा नको, सीताफळाचा विचार कर.

खड्डे एप्रिल-मेमध्ये पाऊण मीटर लांब, रुंद, खोल घेऊन उन्हात तापू दे. जूनच्या आधी वरची माती, २० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून जमिनीच्या वर चार बोटं येईल असा भर, कारण पावसानं माती बसते. अर्धकच्चं शेणखत टाकू नकोस, त्याच्यामागून उधई येते. युरिया खड्ड्यात अजिबात नको.

लावायच्या दिवशी तुटकी मुळं कात्रीनं स्वच्छ काप. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्रण अडीच ग्रॅम आणि कार्बेन्डाझिम १ ग्रॅम ही बुरशीनाशकं प्रति लिटर पाण्यात घेऊन मुळं १० ते १५ मिनिटं बुडवून ठेव. खड्ड्यात मधे मातीचा छोटा उंचवटा कर आणि मुळं त्याच्या चहूबाजूंनी पसर. पन्हेरीत माती कुठवर होती, त्याची रंगाची रेघ खोडावर असते. ती रेघ जमिनीच्या किंचित वर राहील एवढंच खोल लाव. डोळ्याची बाजू वाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे नैर्ऋत्येला कर. उलटी ठेवली तर वादळात कलम जोडातून मोडते. माती पायानं दाबून काठी बांध. जोडावरची पट्टी राहिली असेल तर त्याच वेळी ब्लेडनं काप. जोडाखाली खुंटाला नवी फूट दिसली की कोवळी असतानाच बोटानं मोड. ती वाढू दिलीस तर संत्रा मागे पडेल आणि वावरात खुंटाचंच काटेरी झुडूप उभं राहील.

आळं दुहेरी कर. आतलं खोडाभोवती कोरडं राहील, पाणी बाहेरच्या आळ्यात. पहिल्या उन्हाळ्यात नैर्ऋत्येच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा कर, आळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, तीन बोटं जाड पसर, पण खोडापासून वीतभर लांब. बोर्डो मलम, म्हणजे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १० लिटर पाण्यात, खोडाला पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा लाव. हे झाड मोठं होईपर्यंत चुकवायचं नाही.

धुऱ्याचं थोडक्यात. बोराचं रोप उपटून आणू नकोस, त्याचं सोटमूळ मोडलं की ते रुसतं. गावठी बोराच्या बिया जागेवरच टोच आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर उमराण किंवा कडाका या जातीचा डोळा बांध. करवंदाची रोपं पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर लावलीस तर चार वर्षांत जनावर शिरणार नाही असं कुंपण होईल. तुती आणि अंजिराच्या पेन्सिलीएवढ्या पक्व काड्या मात्र थंडीत लावायच्या, त्या यंदा हुकल्या. स्ट्रॉबेरीचं वहिनींना सांग : ती चिखलदऱ्याच्या थंडीत छान होते, तुमच्या मैदानात ऑक्टोबरच्या मध्यानंतर गादीवाफ्यावर पन्नासेक रोपं हौसेनं लावता येतील. रोपाचा गाभा मातीच्या बरोबर पातळीवर हवा, गाडला की कुजतो, वर राहिला की वाळतो. मार्च लागला की ती संपते.

आणि पार्सलनं येणारी सफरचंदाची रोपं. ती उघड्या मुळांचीच, डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. डेलिशियससारख्या जातींना सात अंशांखालची हजारेक तासांची थंडी लागते, ती आपल्याकडे कुठली. अॅना, डॉर्सेट गोल्डन किंवा हिमाचलच्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९ या कमी थंडीच्या जाती आहेत. विहिरीजवळ, दुपारची सावली मिळेल अशा जागी दोन झाडं लावून बघ. त्यासाठी एकर अडवू नकोस.

अनुदानासाठी राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचा अर्ज करणार असशील तर कलमा मान्यताप्राप्त पन्हेरीतल्याच लागतील, तेव्हा पावतीवर परवाना क्रमांक, जात आणि खुंट लिहून घे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांवर ठरतात.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. येताना दोन्ही थरांची माती, ० ते ३० आणि ३० ते ६० सें.मी., वेगवेगळ्या पिशव्यांत आण आणि सोबत मोजायची टेप ठेव. दुपारच्या आत चार पन्हेऱ्या होतील. काकाजींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा मित्र