चूक छापली तिथेच दुरुस्ती

संपादक महोदय,

मत बदलणाऱ्याने ‘कोलांटउडी मारली’ असे आपल्याकडे लगेच म्हटले जाते आणि त्या धास्तीने माणसे कळलेली चूकही रेटत राहतात, याचे फार वाईट वाटते. विश्वाचा आकार काळानुसार बदलू शकतो, हे रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ साली आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांवरून दाखवले, तेव्हा आइन्स्टाइन यांनी एका जर्मन नियतकालिकात टिपण देऊन ते गणित संशयास्पद ठरवले. फ्रीडमन यांनी पत्राने सविस्तर आकडेमोड कळवली. पुढे त्यांचे सहकारी युरी क्रुत्कोव यांनी लायडन येथे समक्ष भेटून ती पटवून दिली. तेव्हा १९२३ मध्ये, त्याच नियतकालिकात, आपला आक्षेप आपल्याच आकडेमोडीतील चुकीवर उभा होता, असे नोबेल मिळालेल्या या शास्त्रज्ञाने छापून कळवले. (विश्व खरोखरच प्रसरण पावते, हे मानायला त्यांना आणखी काही वर्षे लागली.) फ्रीडमन १९२५ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी वारले, दुरुस्ती लांबली असती तर ती त्यांना वाचायलाही मिळाली नसती.

वृत्तपत्रांनीही पहिल्या पानावरील चुकीचा खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात न देता पहिल्याच पानावर आणि विनाविलंब द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा