आई-बाबांना पत्र: लॅपटॉपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडण्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ठरलंय ते आधी सांगते, कारणं मागाहून. तो बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्त करायचा नाही आणि नवाही घ्यायचा नाही. त्याची हार्ड डिस्क काढून सोप्यातल्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची. बाबा, फोनवर तुम्ही विषय काढत नाही, पण वाचनालयाची इतिवृत्तं आत अडकली म्हणून तुम्हाला झोप लागत नाही, हे आईने सांगितलं. बिघाड मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीत आहे. कागद असतात ते हार्ड डिस्कवर, आणि ती वेगळी वस्तू आहे. बोर्ड गेला म्हणून सहसा डिस्कवरचं काही पुसलं जात नाही.

आता कारणं. एवढ्या जुन्या लॅपटॉपचा बोर्ड मिळाला तरी वापरलेलाच मिळतो, तो किती दिवस टिकेल याची खात्री कोणी देत नाही. दुकानात द्यावा तर बँकेचे कागद, आईचे रिपोर्ट, आत्याच्या जमिनीची फाइल, सगळंच चार दिवस परक्या टेबलावर पडून राहणार. नव्या लॅपटॉपचं म्हणाल तर तुमची मान. खाली वाकून बघण्यापेक्षा मोठा मॉनिटर डोळ्यांसमोर असलेला बरा, ऑपरेशननंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. मला गणपतीच्या आधी खानापूरला येता येणार नाही. याचं वाईट वाटतं, पण तोवर कामं खोळंबायला नकोत. काकूंच्या पिंट्याशी बोलले आहे, रविवारी सकाळी तो येईल. हात त्याचे, देखरेख तुमची.

पार्सलमध्ये एक साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडायची वायर) आहे, अडीच इंची डिस्क साडेतीन इंची खाचेत बसवायची लोखंडी पट्टी आहे आणि बारीक एम-३ स्क्रू आहेत. स्क्रू तेच वापरा. डेस्कटॉपच्या डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते लॅपटॉपच्या डिस्कला बळजबरीने पिळले की आटे जातात, आणि लांब स्क्रू आत बोर्डाला टेकला तर डिस्कच जाते. ३ मिलिमीटरच्या आसपास आत गेला की पुरे.

कॅबिनेट टेबलावर घेऊनच काम करायचं. बाबा, तुम्ही टेबलाखाली वाकायचं नाही, उचलायचंही नाही. पिंट्या उचलेल. आधी शट डाउन, मग मागची वायर काढायची, मग समोरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. पावसाळ्यात अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, तरी आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायला सांगा. लॅपटॉप उघडण्यापूर्वी त्याची बॅटरी काढा. ती फुगलेली दिसली तर उचकटू नका, टोचू नका, तसंच थांबून मला फोन करा.

लॅपटॉपच्या खालचं झाकण काढलं की डिस्क पत्र्याच्या चौकटीत दिसेल. चौकटीचे बाजूचे स्क्रू काढून डिस्क मोकळी करायची. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: काही लॅपटॉपमध्ये डिस्कच्या तोंडावर बोटाच्या पेराएवढा एक जोड बसवलेला असतो. तो डिस्कचाच भाग वाटतो, पण सरळ मागे ओढला की निघतो. तो काढला नाही तर केबल बसत नाही आणि माणूस जोर लावत बसतो. तो निघाला की खाली शेजारी शेजारी दोन चपटी तोंडं दिसतील. लहान ७ पिनांचं डेटाचं, मोठं १५ पिनांचं विजेचं. डेस्कटॉपच्या डिस्कला हुबेहूब हीच असतात, म्हणून वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तोंडं चपटी नसून बारीक सुयांच्या दोन ओळी असल्या तर ती जुन्या आयडीई पद्धतीची डिस्क. मग काही जोडू नका, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो.

काढलेले स्क्रू वाटीत ठेवा. बाबा, सायकल उघडली की तुम्ही मला वाटी धरून बसवायचात आणि एकही नट सांडला नाही की पाठीवर थाप द्यायचात. आता वाटी आईकडे द्या. आई, तू टॉर्चही धर, पण खुर्चीवर बसून.

केबलच्या तोंडात इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असते, ती जुळली की केबल हलकेच सरकते. वर-खाली हलवून बसवू नका, प्लास्टिकची जीभ मोडते. पार्सलमधल्या केबलचं दुसरं टोक मदरबोर्डवरच्या रिकाम्या साटा जागेत जाईल. आता तिथे असलेली केबल हलवायची नाही. विजेचं तोंड एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आलेल्या वायरींत मोकळं सापडेल. तुम्ही विचारलंत, एवढ्या वीजपुरवठ्याने छोटी डिस्क जळेल का? नाही. त्या तोंडात ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट येतात, लॅपटॉपची डिस्क फक्त ५ घेते. मोकळं तोंड नसलंच तर डीव्हीडी रायटरचं तेवढ्यापुरतं काढा आणि कॉपी झाली की परत लावा. आई, तुझ्या भजनांच्या सीड्या पुन्हा लागतील, मी पिंट्याला बजावलंय. पांढऱ्या चारपिनी तोंडावरून साटा करणारा स्वस्त जोड मात्र घालू देऊ नका. त्यातले साच्यात ओतलेले जोड आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत.

चालू केल्यावर स्क्रीन काळाच राहिला किंवा लॅपटॉपचं विंडोज यायला लागलं तर घाबरू नका. त्या डिस्कवरही विंडोज आहे, म्हणून यंत्र गोंधळतं. बंद करून परत चालू करताना डिलीट बटण दाबत राहायचं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) बूटच्या, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या, यादीत कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क पहिली ठेवून सेव्ह करायचं. सुरुवातीला डिस्क तपासायची का असं विचारलं तर कोणतंही बटण दाबून तपासणी टाळा. आधी कॉपी, तपासणी नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोजने ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ असं काहीही विचारलं तर कॅन्सल. पिंट्या कितीही खात्रीने म्हणाला तरी कॅन्सल. इथे हो म्हटलं तर इतिवृत्तं हातची जातील. डिस्क दिसतच नसेल तर स्टार्टवर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. नुसतं ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) मिळालेलं नसेल तर तिथे देता येतं. बारीक रिकव्हरीचे कप्पे दिसतील, त्यांना हात लावू नका. कुलपाचं चिन्ह असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. त्याची ४८ आकडी किल्ली माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढता येते. मला फोन करा, किती का वाजलेले असेनात.

तुमचं सगळं नव्या ड्राइव्हच्या ‘यूझर्स’ फोल्डरमध्ये सापडेल. परवानगी नाही असं म्हटलं तर ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा. फोटो खूप आहेत, हिरवी पट्टी हळू सरकेल. त्यातला ‘डेस्कटॉप’ फोल्डर रिकामा दिसला तर ‘वनड्राइव्ह’ फोल्डरच्या आत बघा. कट करू नका, कॉपीच करा. आधी डॉक्युमेंट्स, मग फोटो, एकेक फोल्डर. झाला की दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या जुळवा. इतिवृत्तं श्रीलिपी या फॉण्टमध्ये आहेत आणि कन्नडमधले अर्ज नुडी या फॉण्टमध्ये, त्यामुळे नुसत्या फाइली आणल्या तर पानभर भलतीच अक्षरं दिसतील. ते बिघडलेलं नसतं, फॉण्ट नसतो. लॅपटॉपच्या विंडोजमधल्या ‘फॉण्ट्स’ फोल्डरमधून ते फॉण्ट उचलून इन्स्टॉल करा, वाचता आणि छापता येईल.

डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज आला तर तिथेच बंद. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. ती आतून निकामी होत असते आणि प्रत्येक वेळी थोडं आणखी जातं. तसं झालं तर मी स्वतः ती घेऊन जाईन, तुम्ही धावपळ करायची नाही. पाऊस जोरात असेल, लाइट ये-जा करत असेल किंवा यूपीएसची बॅटरी बसलेली असेल तर त्या दिवशी काम नको, पुढचा रविवार आहेच.

सगळं आलं तरी ती डिस्क पुसायची नाही. तशीच आत राहू दे, आणि महत्त्वाचे कागद पेनड्राइव्हवर वेगळे घेऊन कपाटात ठेवा.

बाबा, नाश्ता आणि गोळी झाल्याशिवाय कॅबिनेट उघडायचं नाही. आई, हे तुझ्याकडे. पिंट्याला जेवू घालूनच पाठव, आणि पैसे देऊ नका, मी बघते.

तुमची,
चिमी