‘अपोलो’ ही जात नव्हे, प्रजाती

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हिमाचलच्या सहलीवरील लेखाबरोबर एका पांढऱ्या फुलपाखराचे छायाचित्र आले होते. खाली ओळ होती : ‘अपोलो प्रजातीचे दुर्मीळ फुलपाखरू, शास्त्रीय नाव पार्नासियस अपोलो’. छायाचित्र सुरेख आहे, पंखाच्या कडेचे निळे ठिपकेसुद्धा स्वच्छ उमटले आहेत. ओळीत मात्र तीन चुका आहेत, आणि त्यांतली पहिली फुलपाखराची नसून आपल्या इंदुरी मराठीची आहे.

हिंदीत स्पीशीजला प्रजाति म्हणतात आणि जीनसला वंश. मराठी शास्त्रीय लेखनात प्रजाती म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट), आणि स्पीशीज म्हणजे जात. आपल्याकडे मजकूर पुष्कळदा हिंदीतून येतो, शब्द ओळखीचा दिसतो, म्हणून तसाच उतरवला जातो आणि एक पायरी चुकते. ‘उपप्रजाती’त तर दोन पायऱ्या चुकतात : हिंदी वाचणाऱ्याला तो सबस्पीशीज वाटतो, मराठीत तो सबजीनस. या पत्रात मराठी अर्थच धरला आहे. त्या अर्थाने पार्नासियस ही प्रजाती, तिच्यात पन्नासच्या आसपास जाती, आणि ‘अपोलो’ हे इंग्रजीत त्या सगळ्यांना सरसकट लावले जाणारे आडनाव. नुसते जोशी म्हणून भागत नाही, कुठले जोशी ते विचारावे लागते.

दुसरी चूक : खरा पार्नासियस अपोलो हिमालयात नाहीच. तो स्पेनपासून आल्प्स, स्कँडिनेव्हिया करत मध्य आशियापर्यंत सापडतो. तिसरी चूक ‘दुर्मीळ’ या शब्दात आहे. मागच्या पंखाच्या कडेजवळ काळ्या ठिपक्यांची रांग आणि त्यांच्या पोटात निळा रंग, ही खूण पार्नासियस हार्डविकीची. काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत तो भेटतो आणि त्याच्या इंग्रजी नावातच ‘कॉमन’ आहे. हिमालयातल्या अपोलोंमध्ये सर्वांत सहज दिसणारा हाच.

इंदूरमध्ये बसून अपोलोचे कुल (फॅमिली, म्हणजे प्रजातींच्या वरची पायरी) समजून घ्यायचे तर अंगणातले लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड पुरे. त्यावरची हिरवी अळी काडीने हलकेच डिवचली, की डोक्यामागून दुभंगलेले मऊ शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हा अवयव ही पॅपिलिओनिडी कुलाची खूण. अपोलोची काळी मखमली, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची अळीही हेच करते. पुढे वाटा वेगळ्या होतात. लिंबावरची अळी फांदीला रेशमाचा पट्टा बांधून उघड्यावर कोष करते, अपोलोची अळी दगडाच्या आडोशाला विरळ जाळीदार कोषात शिरते. लिंबावरचे फुलपाखरू पॅपिलिओनिनी उपकुलातले, अपोलो पार्नासिनी उपकुलातला. म्हणजे दोघे चुलतभाऊ, एक आपल्या उन्हाळ्यात निभावणारा आणि दुसरा बर्फाच्या कडेला.

आता प्रजातीचा इतिहास. तो कंसांतून वाचता येतो. लिनियसने १७५८ मध्ये सगळीच फुलपाखरे पॅपिलिओ या एका प्रजातीत घातली होती, म्हणून मूळ नाव पॅपिलिओ अपोलो. लात्रेयने १८०४ मध्ये पार्नासियस वेगळी काढली. म्हणून आता नाव लिहितात ते असे : पार्नासियस अपोलो (लिनियस, १७५८). इथे कंसाचा अर्थ, नाव देणाऱ्याने ही जात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. पार्नासियस हार्डविकी ग्रे, १८३१ इथे कंस नाही, कारण ग्रेने ती पहिल्यापासून पार्नासियसमध्येच ठेवली. छपाईत हा कंस शोभेसाठी घातला किंवा गाळला जातो. दोन्हींमुळे माहिती चुकते.

दुसऱ्या प्रकारचा कंस मधोमध येतो. मूरने १९०२ मध्ये या मोठ्या प्रजातीतून कैलासियस, कोरामियस, टाडुमिया अशा नव्या प्रजाती फोडल्या. आज बहुतेक अभ्यासक त्यांना पार्नासियसच्या उपप्रजाती मानतात आणि लिहितात : पार्नासियस (कैलासियस) शार्लटोनियस ग्रे, १८५३. मूरचे ऐकायचे तर हेच नाव कैलासियस शार्लटोनियस (ग्रे, १८५३) होईल. फुलपाखरू तेच राहते, नाव मात्र बदलते. म्हणून जुन्या पुस्तकातले नाव आणि नव्या यादीतले नाव जुळले नाही तर लगेच कुणाला खोटे ठरवू नये.

पूर्वी गट पाडत ते पंखांवरच्या ठिपक्यांवरून, शिरांवरून आणि मादीच्या पोटाखालच्या पिशवीवरून. २००० नंतर मायटोकॉन्ड्रियातील जनुके तपासली गेली, तेव्हा आठ गट बऱ्यापैकी स्पष्ट झाले. हार्डविकी त्यांत लिंगामियस या उपप्रजातीत एकटाच बसतो. हाच तपास उपकुलाच्या पातळीवर एक धक्का देऊन गेला. आर्कोन हे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे फुलपाखरू रूपाने अपोलोसारखे, म्हणून जवळचे धरले जात होते. जनुकांनी त्याला लुएडॉर्फिया या दुसऱ्याच प्रजातीच्या शेजारी बसवले, आणि पार्नासियसच्या शेजारी ठरले रखरखीत प्रदेशातले हायपरम्नेस्ट्रा.

अळीचे खाणे या गटांशी पुष्कळ अंशी जुळते. खुद्द पार्नासियस याच नावाच्या उपप्रजातीतल्या अळ्या मुख्यतः क्रॅसुलेसी कुलावर, म्हणजे सेडम आणि रोडिओलावर वाढतात. आपल्या कुंडीतली पानफुटी याच कुलातली. कैलासियस, कोरामियस वगैरे गट कोरिडॅलिसवर वाढतात, आणि ती वनस्पती अफूच्या कुलातली. मंदसौर-नीमचचा शेतकरी त्या कुलाला चांगलाच ओळखतो. फुलपाखरू ज्या फुलावर बसले ते अळीचे खाद्य असेलच असे नाही. छायाचित्रासोबत फुलाचे नाव देऊन ‘हिची खाद्यवनस्पती’ म्हणणे ही नेहमीची गल्लत. मादी जमिनीलगत घुटमळत, पोट वाकवत असेल तर त्या जागेपासून वीतभर अंतरातल्या सगळ्या झुडपांचे फोटो घ्यावेत. पुष्कळदा ती अंडे खाद्यवनस्पतीवर न घालता बाजूच्या दगडावर किंवा वाळक्या काडीवर घालते.

पोटाखालच्या पिशवीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिला सर्रास ‘अंड्यांची पिशवी’ म्हटले जाते. तिचा अंड्यांशी संबंध नाही. मीलनाच्या वेळी नर एक स्राव सोडतो, तो मादीच्या पोटाच्या टोकाखाली घट्ट होतो आणि दुसऱ्या नराला वाट राहत नाही. शास्त्रीय भाषेत स्फ्रॅगिस, म्हणजे मोहोर, शिक्का या अर्थाने. तिचा आकार गटागटात वेगळा : कुठे पोटाचा मोठा भाग झाकणारी, कुठे नावेच्या तळासारखा कणा असलेली. पार्नासियस जॅकमोंटी या जातीचे इंग्रजी नाव ‘कील्ड अपोलो’ या कण्यावरूनच आले. (व्हिक्टर जॅकमाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १८३२ मध्ये मुंबईतच वारला. बोआदुव्हालने चार वर्षांनी त्याचे नाव या फुलपाखराला दिले.)

नावांचा गुंता कधी कधी जुन्या चित्रांतूनही निघतो. पार्नासियस फीबस हे नाव फाब्रिसियसने १७९३ मध्ये दिले आणि पुढे ते एकाच फुलपाखरासाठी रूढ झाले. २०१० मध्ये मूळ चित्रे पुन्हा तपासणाऱ्यांनी दाखवले, की चित्रातले फुलपाखरू दुसरेच, आरियाड्ने जातीचे आहे. काहींनी लगेच फीबसला कोरिबास म्हणायला सुरुवात केली. नावाचा रूढ अर्थ टिकवावा असा अर्ज प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे न्यावा लागला. उपजातींचे (सबस्पीशीजचे) तर विचारूच नका : एकट्या पार्नासियस अपोलोला दोनशेहून जास्त उपजाती-नावे दिली गेली आहेत. दऱ्यांनी तुटलेल्या वस्त्यांत थोडेथोडे फरक पडतात हे खरे. पण नवे नाव लागले की सुईला टोचलेल्या नमुन्याची किंमत वाढते, हेही तितकेच खरे, आणि आमच्या मते नावांच्या या पिकाला दुसरे कारण जास्त जबाबदार आहे.

सुट्टीत लडाख, हिमाचल, उत्तराखंडला जाणाऱ्या आपल्या वाचकांनी फोटो काढताना एवढे पाहावे. वरून एक फोटो पुरत नाही. उघडे पंख, मिटल्या पंखांची खालची बाजू, आणि पोट दिसेल असा बाजूचा, असे किमान तीन हवेत. मिशा स्पष्ट याव्यात : युरोपात अपोलो आणि फीबस वेगळे करताना फीबसच्या मिशांवरची काळी-पांढरी कडीच कामी येते. भर उन्हात पांढरे पंख जळून येतात आणि ज्या राखी पट्ट्यांवर ओळख ठरते तेच पुसले जातात, म्हणून कॅमेऱ्यातला उजेडाचा आकडा (एक्स्पोजर) उणे एकच्या आसपास ठेवावा. अपोलो उन्हातच उडतो. ढग आला की दगडावर किंवा गवतात पंख पसरून बसतो. फोटोची वेळ ती. तारीख आणि उंची लिहून ठेवावी. मोबाइलवरची उंची पाच-पन्नास मीटर इकडेतिकडे झाली तरी चालते. मोसमाच्या शेवटी खवले झडून पंख काचेसारखे होतात. अशा फोटोवरून जात सांगू नये, प्रजातीपर्यंत थांबावे. ओळख सांगणारे मोबाइल अ‍ॅप ‘पार्नासियस अपोलो’ म्हणाले, तर ठिकाण भारतातले आहे हे त्याला आठवण करून द्यावे.

पडलेला पंखही उचलून आणू नये. या प्रजातीतल्या काही जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत आहेत, आणि पंखावरून त्या ओळखणे वाटते तितके सोपे नाही. आपणही छापताना खिंडीचे किंवा ओढ्याचे नेमके नाव देऊ नये, जिल्हा पुरे. संग्राहकांना पत्ता एवढाच लागतो.

त्या छायाचित्राखाली अशी ओळ चालली असती : ‘पार्नासियस (लिंगामियस) हार्डविकी ग्रे, १८३१. कॉमन ब्लू अपोलो. कुल पॅपिलिओनिडी. हिमाचल प्रदेश.’ पुढच्या रविवारी दुरुस्ती छापलीत तर आभारी राहू.

आपले,
फुलपाखरांचे काही अभ्यासक, इंदूर