गिलोटिन डॉ. गियोतँ यांचे नव्हे

महोदय,

फ्रेंच राज्यक्रांतीवर मराठीत काही छापून आले की दोन वाक्ये हमखास भेटतात: गिलोटिनचा, म्हणजे पडत्या पात्याने शिरच्छेद करणाऱ्या यंत्राचा, शोध डॉ. गियोतँ यांनी लावला आणि शेवटी त्यांचीही मान त्याखालीच गेली. दोन्ही चूक.

जोझेफ-इग्नास गियोतँ मुळात देहदंडाच्याच विरोधात होते. तो रद्द होत नसेल तर निदान उमराव असो की मजूर, सर्वांना एकाच रीतीने, यंत्राने आणि यातनेविना द्यावा, एवढा प्रस्ताव त्यांनी १७८९ मध्ये मांडला. तोवर उमरावाला तलवार आणि सामान्याला दोर असा भेद होता. ते १८१४ मध्ये आजारपणाने वारले.

आराखडा काढला शल्यचिकित्सा अकादमीचे सचिव डॉ. आंत्वान लुई यांनी, मार्च १७९२ मध्ये. म्हणून लोक आधी यंत्राला ‘लुईझेत’ म्हणत. सरकारी सुताराने ५,६६० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) मागितले. ते परवडेना, तेव्हा काम टोबियास श्मिट या हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखे जुने वाद्य) बनवणाऱ्या जर्मन कारागिराकडे गेले. १७ एप्रिलला बिसेत्र रुग्णालयात प्रेतांवर चाचणी झाली आणि २५ एप्रिलला पॅरिसमध्ये पहिला शिरच्छेद, निकोला पेलतिए या दरोडेखोराचा.

पडत्या पात्याची कल्पना मात्र जुनीच. स्कॉटलंडची सोळाव्या शतकातली ‘मेडन’ आजही एडिंबरोच्या संग्रहालयात उभी आहे. तिची धार आडवी. सगळी रुंदी एकदम आदळते आणि जोर विभागला जातो. फ्रेंच पाते तिरके, सुमारे ४५ अंशांत. ते एका टोकाकडून सरकत कापते. विळीवर भाजी नुसती दाबली तर चेचते, ओढली की चिरते, तत्त्व तेच. धार सरकायला हवी, हे डॉ. लुईंनी अहवालातच लिहिले होते. तिरक्या पात्याची सूचना राजा सोळाव्या लुईने केली, ही कथा जल्लाद सांसाँ घराण्याच्या नावावर पुढे छापलेल्या आठवणींतली. तिच्यावर विसंबू नये.

नंतरच्या यंत्रांत पाते सुमारे ७ किलोचे, त्यावरचा लोखंडी ठोकळा ३० किलोचा. बोल्ट धरून वजन ४० किलो. सव्वादोन मीटर पडायला पाऊण सेकंदही लागत नाही. पण हे सारे, खांबांतल्या ज्या खाचांतून ठोकळा घसरतो त्या सरळ असतील तरच. दोन खांबांपैकी एक जरी ओळंब्यात नसला तरी ठोकळा अडतो, म्हणून मांडणी करताना पाणसळ लावून पाहत. पावसाने लाकूड फुगले की खाच आवळते. त्यासाठी खाचांना चरबी किंवा साबण चोळत. यावर खरा इलाज केला लेओं बेर्जे या सुताराने, जो स्वतः जल्लादाचा मदतनीस होता. त्याच्या १८७२ च्या नमुन्यात ठोकळ्याला चाके आली, खाचांना धातूचे अस्तर आले आणि तळाशी धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा बसल्या. यंत्राखालचा उंच चौथरा त्याआधीच, १८७० मध्ये, गेला होता. त्यामुळे विसाव्या शतकातल्या प्रसंगाच्या चित्रात पायऱ्या आणि चौथरा दाखवणे चूक ठरते. फ्रान्समधला शेवटचा वापर १० सप्टेंबर १९७७ रोजी मार्सेयच्या तुरुंगात झाला आणि ९ ऑक्टोबर १९८१ च्या कायद्याने देहदंडच रद्द झाला.

तेव्हा पुढच्या वेळी श्रेय द्यायचे झाल्यास आंत्वान लुई आणि टोबियास श्मिट ही नावे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक