दार नव्हतं, गाडी होती

कार्डिफ, वेल्स,
रविवार, रात्र

ती. अण्णा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने कोपराला काय झालं म्हणून विचारलं आणि मी ‘दाराला लागलं’ म्हणून वेळ मारून नेली. दार नव्हतं, गाडी होती. हाडबिड मोडलेलं नाही. काळंनिळं झालं होतं, आता पिवळं पडत चाललंय. आई, अण्णा वाचून दाखवत असतील तर काय बोलायचं ते इथेच बोलून घे, मग पुढचं ऐक.

गेल्या महिन्यात रात्रपाळी संपवून सकाळी सायकलवरून घरी येत होते. रस्ता ओला, पण पाऊस थांबलेला. मागून पार्सलवाली पांढरी व्हॅन आली. इथे सायकलवाल्याला ओलांडताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर जागा सोडायची असं नियमाच्या पुस्तकात लिहिलंय. अण्णा, बस चालवायचात तेव्हा तुम्ही म्हणायचात ना, सायकलवाला तुमच्या बाजूला आडवा पडला तरी चाकाखाली यायला नको एवढं अंतर ठेवायचं, तेच हे. या बाबाने वीतभरही सोडलं नाही. व्हॅनचा डावा आरसा माझ्या कोपरावर आपटला आणि पंख मिटावा तसा मिटला. सायकल फूटपाथच्या कडेला घासत गेली, पडले मात्र नाही. तो थांबलाच नाही.

पुढच्या सिग्नलला मी त्याला गाठलं. खिडकीतून बघते तर पोरगा बावीस-तेवीसचा, मांडीवर अर्धं खाल्लेलं सँडविच, हातात फोन, आणि अंगठ्याने पुढचा पत्ता शोधतोय. मी हातभर अंतरावर उभी होते आणि त्याने मान वर केली नाही. दिवा हिरवा झाला, गेला.

जावईबापूंनी हेल्मेटवर लावायला कॅमेरा घेऊन दिलाय, ते तुम्हाला माहीत आहे. मी त्याला हसले होते. तर त्यात हे सगळं आलं: व्हॅनचा नंबर, आरसा, फोन, आणि माझं मोठ्याने ‘आई गं!’

तुम्हाला वाटेल मग लगेच पोलिसात गेले असेन. नाही गेले. तातडीचं असेल तर ९९९, नसेल तर १०१. पण व्हिडिओ असेल तर चौकीत जायचीही गरज नाही. ‘ऑपरेशन स्नॅप’ म्हणून आहे, उत्तर वेल्सच्या पोलिसांनी सुरू केलेलं, नंतर सगळ्या वेल्सभर झालं. घरी बसून व्हिडिओ पाठवायचा आणि फॉर्म भरायचा. फॉर्म म्हणजे आपल्याकडचा पंचनामाच. कुठला रस्ता, कुठल्या दिशेला, उजेड कसा, रस्ता कोरडा की ओला, तुम्ही काय पाहिलं ते तुमच्या शब्दांत. व्हिडिओ कापलेला चालत नाही, प्रसंगाच्या आधीचा आणि नंतरचा भागही हवा. फेसबुकवर टाकलेला असेल तर काढायचा. आणि खाली एक चौकोन: गरज पडल्यास कोर्टात साक्षीला याल का?

आणखी एक मेख आहे. त्या व्हिडिओत तुमची चूक दिसली तर तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. म्हणून मी तो चार वेळा स्वतःकडे बघत पाहिला. हात दाखवला होता का, दिवा लागलेला होता का. होता. तुमचीच मुलगी.

पण अण्णा, खरं अडलं ते दुसरीकडेच. इथे गाडी चालवताना फोन हातात धरला, गाडी सिग्नलला उभी असली तरी, तर २०० पौंड दंड आणि लायसन्सवर चुकांचे ६ पॉइंट. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटांत ते रद्दच होतं, परत पहिल्यापासून परीक्षा. त्या पोराचं तोंड आठवलं की वाटायचं, याला लायसन्स मिळून वर्ष तरी झालंय का? व्हॅन गेली की नोकरी गेली. आपण कोणाच्या पोटावर पाय देतोय, असं वाटून फॉर्म अर्धा भरून ठेवला.

इथे फार दिवस घोळवता येत नाही. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला पोलिसांची नोटीस सहसा १४ दिवसांच्या आत गेली पाहिजे, म्हणून तक्रार त्याच्याही बऱ्याच आधी लागते. मग मालकाने २८ दिवसांत सांगायचं की त्या वेळी गाडीवर कोण होतं. नाही सांगितलं तर मालकालाच ६ पॉइंट. ‘कोण चालवत होतं आठवत नाही’ इथे सहसा चालत नाही.

सहाव्या दिवशी तुमचा बिल्ला आठवला. विनाअपघात सेवेचा, आरशाशेजारी खिळ्याला अडकवलेला. आणि त्याच्याबरोबर ती संध्याकाळ. कोणीतरी प्रवाशाने तक्रार वहीत तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं, घाटात गाडी जोरात मारली म्हणून. आई त्या माणसाला शिव्या देत होती. मी सातवीत असेन. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, “लिहू दे की. घाबरला असेल तो. मला वाटतं मी हळू होतो, पण मी पुढे बघत होतो, तो खाली दरीत.” आणि त्यानंतर आठवडाभर तुम्ही त्या वळणावर एक गियर आधीच टाकत होतात, हे मला तुमच्याच कंडक्टर काकांनी नंतर सांगितलं.

त्या रात्री फॉर्म पुरा केला. कोर्टाच्या चौकोनात ‘हो’ लिहिलं. जे दिसलं तेवढंच लिहिलं. ‘भरधाव’ हा शब्द आला होता तो खोडला, कारण वेग मी मोजलेला नाही आणि नुसत्या वेगाच्या तक्रारी ते अशा घेतही नाहीत. पोराच्या वयाबद्दल काही लिहिलं नाही. मिळालं म्हणून मेल आला. पुढे काय झालं ते मला कळेलच असं नाही. दंड, कोर्ट, की सुधारणेचा वर्ग, ते त्यांचं ते ठरवतात. त्या व्हिडिओतली ‘आई गं’ ऐकून कुठल्या तरी वेल्श हवालदाराने काय समजून घेतलं असेल, याची मात्र मला भारी उत्सुकता आहे.

आता हे सगळं का लिहिलं ते. मागच्या आठवड्यात दादाने ग्रुपवर फोटो टाकला, त्याचा धाकटा बुलेटवर, हायवेला, डोक्यावर काही नाही. सोळा वर्षांचा आहे तो. गियरच्या गाडीला अठरा लागतात. पकडला गेला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडीमालकाला किंवा आईबापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. दादाला मी फोन केला तर म्हणाला, “तू तिकडे बसून शिकवू नको.” बरोबर आहे, मी तिकडेच आहे. पण तुम्ही तिथे आहात, आणि तुमचं तो ऐकतो.

बुलेटची चावी आईच्या पदराला बांधा. तिच्याकडून कोणी मागून घेत नाही.

आईच्या गुडघ्याचं तेल पार्सलने पाठवलंय, आठवड्याभरात मिळेल.

तुमची,
ताई